सगळं हाय, पण गमत नाही

मंडळी, आपल्या वऱ्हाडात एक शब्द आहे, 'गमणं'. पुण्या-मुंबईकडे करमत नाही म्हणतात, आपण गमत नाही म्हणतो. बाळापुरातलं घर बंद करून अकोल्याला लेकाच्या बंगल्यावर राहायला गेलेली म्हातारी माणसं पंधरा दिवसांत हे वाक्य बोलतात. "सगळं हाय, पण गमत नाही." लेक म्हणतो, सवय होईल. सून काही म्हणत नाही. आज आम्ही या वाक्याकडे जरा समीक्षेच्या नजरेनं पाहणार आहोत. तीन मराठी पुस्तकं सोबत घेऊ.

आधी ही वस्ती कशी असते ते बघू. कापसाच्या वावराचं एनए होतं, प्लॉट पडतात, कमानीवर एखाद्या संताचं नाव लागतं आणि ले-आउट तयार. रुंद रस्ते, प्रत्येक फाटकामागे कव्हर घातलेली गाडी, 'ओपन स्पेस'मध्ये देऊळ, सकाळी पिवळ्या स्कूलव्हॅनची रांग. जाहिरातीत या सगळ्याला 'कुटुंबवत्सल, सुसंस्कृत वस्ती' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आता पुस्तकं. मराठी वाचकाचं घराबद्दलचं प्रेम दोन ठिकाणी साठलेलं आहे, चाळीत आणि वाड्यात. चाळीचं श्रेय पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ'ला, १९५८ सालच्या. उपास आठवा, भ्रमणमंडळ आठवा. सगळा विनोद एका गोष्टीवर उभा आहे: कुणाचीच कुठलीच गोष्ट खाजगी राहू शकत नाही. शेवटच्या चिंतनात ते हसू ओसरतं, आणि तिथेच आपण सगळे हळवे होतो. पण पु. लं.चं स्वतःचं बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि मग पार्ल्यात गेलं. म्हणजे ज्या पुस्तकानं मराठी माणसाला चाळीसाठी रडवलं ते उपनगरातल्या कॉलनीत वाढलेल्या माणसाचं आहे. (हशा) हसू नका, हे महत्त्वाचं आहे. चाळीची ओढ ही बहुतेक वेळा चाळीबाहेर पोचलेल्याची ओढ असते. नळावर नंबर लावणाऱ्या बाईला ती परवडत नाही.

वाड्याचं तर आणखी अवघड. महेश एलकुंचवार आपल्याच मुलखातले, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेले, तेराव्याच्या खर्चाचा घोर, आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. पुष्कळ प्रेक्षक हे नाटक बघून 'काय ते दिवस होते' असं म्हणत बाहेर पडतात. आम्हाला हे वाचन चुकीचं वाटतं, स्पष्टच सांगतो. त्या वाड्यात प्रभा आहे. तिला पुढे शिकायचं होतं, घराण्याच्या इभ्रतीपायी ते राहिलं, आणि सगळं वय त्या भिंतींत सरलं. चंदू आहे, घरातलाच मुलगा आणि घरातलाच गडी. वाडा पडतो आहे याचं दुःख करायचं तर आधी प्रभाला विचारायला हवं. ती म्हणेल, पडू द्या.

म्हणून ले-आउटला नावं ठेवणाऱ्यांत आम्ही बसत नाही. 'त्या बंगल्यांत आत्मा नाही' असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. सासरच्या वाड्यात परसातल्या संडासला रात्री कंदील घेऊन गेलेल्या बाईला आतल्या खोलीला जोडलेलं न्हाणीघर म्हणजे काय, हे तिलाच कळतं. आतून लावता येणारी कडी ही फार मोठी गोष्ट आहे. मुलीला स्कूटी, अभ्यासाची खोली, शिकवणीचा वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर. प्रभाला जे हवं होतं ते तिच्या नातीला याच वस्तीत मिळालं.

मग गमत का नाही? इथे तिसरं पुस्तक लागतं, जयवंत दळवींचं 'संध्याछाया', १९७३ चं नाटक. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. घर नीटनेटकं, पैशाची ददात नाही. या नाटकातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी जागा शोकाची नाही. पत्ता चुकून आलेल्या एका माणसाला ही दोघं बसवून घेतात, त्याच्याशी बोलत राहतात. दळवींनी एकटेपण भाषणातून सांगितलं नाही, चुकलेल्या पत्त्यातून दाखवलं. आता तोच प्रसंग आजच्या गेटबंद वस्तीत लिहून बघा. लिहिताच येत नाही. चुकलेला माणूस गेटवरच अडतो. वहीत नाव, मोबाइल नंबर, 'कोणाकडे जायचंय?' आणि आत फोन. पत्ता चुकला की परत. नानांच्या दारापर्यंत तो पोचणारच नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या दुःखी नाटकात निदान अनोळखी माणसाला दारावरची बेल वाजवता येत होती!

आणि गेट फक्त पत्ता चुकलेल्यालाच अडवतं असं नाही. आता ते दोन शब्द परत घ्या. 'कुटुंबवत्सल' म्हणजे एकटी राहणारी नर्स नको, कॉलेजची पोरं नकोत. 'सुसंस्कृत' म्हणजे आडनाव सांगा. ही चाल नवी नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. भाड्यानं पिचलेल्या मध्यमवर्गाला तिनं घर दिलं, हे खरंच. पण सहकार सुरू झाला तो ज्ञातीच्या कुंपणात. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला. पारशी समाज लहान, त्याची काळजी समजते. पण तेच तत्त्व मोठ्या समाजाच्या हाती आलं की काय होतं, हे इथे बसलेल्या काहींना वेगळं सांगायला नको. अकोल्यात भाड्यानं घर शोधताना पहिला प्रश्न पगाराचा येत नाही.

बाळापूर काही स्वर्ग नाही. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री, ही वैभवं आपण कशी ठेवली आहेत ते बाहेर जाऊन बघा. मोहल्ले इथेही वेगवेगळेच आहेत, रोटीव्यवहार मोजून-मापून, भांडणंही झालेली आहेत. पण बाजाराचा रस्ता एक आहे. अजान आणि काकडआरती एकाच माणसाच्या कानावर पडते, त्याला आवडो न आवडो. नको असलेला माणूस रोज दिसतो. म्हातारी ज्याला गमणं म्हणते त्यात हे न निवडलेले चेहरेही आहेत, असं आम्हाला वाटतं. ले-आउटमध्ये सगळे चेहरे निवडलेले. तिथे तिला बोलायला माणूस नाही असंही नाही, संध्याकाळी देवळापाशी बायका असतात. पण त्या सगळ्या तिच्यासारख्याच, कुणाच्या तरी आई म्हणून आणलेल्या.

या वस्तीवर मोठं मराठी पुस्तक अजून आमच्या हाती पडलेलं नाही. लेखक म्हणतात, तिथे काही घडतच नाही. आम्ही म्हणतो, काही घडू नये म्हणूनच ती वस्ती बांधलेली आहे, तेव्हा लिहायचं तर गेटवरच्या त्या वहीपासून सुरुवात करावी. कोण आलं, किती वाजता, कोणाकडे, आणि कोणाला परत पाठवलं.

बस, इतकंच. माईक मागे फिरवा, प्रश्न घेऊ.