फिल निवडताना तक्ता काय सांगत नाही

कूलिंग टॉवरचं टेंडर उघडलं की आपण तुलनेच्या तक्त्यात एकच रकाना बघतो: कोणतं फिल पाणी जास्त थंड करतं? आमचा आक्षेप त्या रकान्याला दिलेल्या वजनावर आहे.

स्प्लॅश फिलमध्ये पाणी पट्ट्यांवर आदळून त्याचे थेंब होतात. फिल्म फिलमध्ये ते पीव्हीसीच्या नागमोडी शीटवरून पातळ थराने उतरतं. हवेला भिडणारा पृष्ठभाग इथे कितीतरी जास्त, म्हणून टॉवर बुटका होतो आणि पंपावरचा भारही कमी. हे खरंच आहे. पण स्वच्छ पाण्यापुरतं खरं आहे! १९२५ साली मर्केलने मांडलेला सिद्धांत आपण आजही वापरतो. त्यात पाणी आहे, हवा आहे. चिखल नाही, शेवाळ नाही.

आता साखर कारखाना बघा. पॅनच्या कंडेन्सरमध्ये वाफ आणि पाणी थेट मिसळतात. वाफेबरोबर रसाचे थेंब येतात, म्हणजे पाण्यात साखर उतरते. जंतूंना आयतं खाद्य मिळतं, बुळबुळीत थर वाढतो आणि १९ मिलिमीटर अंतराच्या आडव्यातिडव्या खाचा बुजतात. फिल जड होतं, हवा अडते, पाणी गरम राहतं. मग व्हॅक्यूम पडतो, पॅनमधलं उकळण्याचं तापमान चढतं आणि साखरेचा रंग बिघडतो. हे सगळं ऐन गाळपात, जेव्हा टॉवर धुवायला थांबणं म्हणजे ऊस वाळवणं.

त्याच आवारात सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनला सरफेस कंडेन्सर असतो. तिथे पाणी नळ्यांतून फिरतं, रसाशी संबंध नाही. बाहेरून येणारं पाणी नीट गाळलेलं असेल तर तिथे फिल्म फिल खुशाल घ्या. म्हणजे एकाच कारखान्यात दोन टॉवर आणि दोन उत्तरं! तरीही दोन्हींसाठी एकच स्पेसिफिकेशन चिकटवलं जातं.

स्प्लॅश फिल फुकट नाही, हेही सांगायला हवं. टॉवर मोठा लागतो, खर्च वाढतो. सरळ उभ्या, रुंद खाचांचं फिल हा मधला मार्ग आहे. ते थोडं कमी थंड करतं, पण उशिरा तुंबतं.

म्हणून तक्त्यात तीन रकाने वाढवा. पाण्यात काय मिसळणार? पाणी जास्तीत जास्त किती तापणार, कारण साधारण ५५ अंशांपुढे साधं पीव्हीसी मऊ पडतं? आणि हंगाम चालू असताना फिल धुता येईल का? यांची उत्तरं कारखान्याकडे असतात, विक्रेत्याकडे नव्हे. ती लिहूनच किमतीकडे वळावं.