तंजावरचे नृत्य आणि ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द

भरतनाट्यमविषयी लिहिताना एक शब्द सर्रास वापरला जातो : पुनरुज्जीवन. मरणपंथाला लागलेली एक कला मद्रासेतील काही सुशिक्षितांनी 1930 नंतर हाती धरली, तिच्यावरची पुटे धुऊन काढली आणि ती देशापुढे नव्याने उभी केली, अशी ही कथा आहे. ती खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे ज्यांनी ही कला खरोखर तगवली त्यांचेच नाव मागे पडते, अशी आमची तक्रार आहे. सत्यजित राय यांनी 1976 साली बालासरस्वतींवर काढलेला ‘बाला’ हा अनुबोधपट पाहिल्यावर ती अधिकच पक्की झाली.

नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत आलेल्या मराठी माणसाचा ऊर तंजावरचे नाव निघताच भरून येतो. सरस्वती महाल ग्रंथालय पाहावे, भोसल्यांच्या वाड्यात फिरावे आणि ‘हे सारे आपले’ असे म्हणत परतीची गाडी धरावी, हा आमचा शिरस्ता. नृत्याच्या बाबतीत हा अभिमान जरा तपासून घेणे बरे. दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी मराठीत नृत्यासाठी ‘निरूपणे’ रचली. एकच कथानक निरनिराळ्या नृत्यप्रकारांतून सलग ओवत न्यावयाचे, ही त्यांची योजना होती. योजना म्हणून ती धीट आहे. आज ज्याला आपण नृत्यनाट्य म्हणतो त्याच्या जवळ जाणारी आहे. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. त्यांनी अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा जो क्रम बांधला, त्यात कथानक नाही. शुद्ध गतीपासून अर्थाकडे चढत जावे, वर्णमात दोहोंची गाठ पडावी, पदांत केवळ अभिनय उरावा आणि तिल्लान्याने पुन्हा गतीकडे यावे, एवढीच त्याची रचना.

राजाची रचना ग्रंथालयात राहिली. पदरच्या माणसांची रंगभूमीवर राहिली. याचे कारण गुणवत्तेत शोधण्यापेक्षा हस्तांतरणात शोधावे, असे आम्हास वाटते. निरूपणांना दरबार हवा होता. चार भावांच्या रचनांना एक नट्टुवनार, एक गाणारी आणि एक शिकणारी मुलगी एवढे पुरे होते. वडिवेलु त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडे गेले, चिन्नय्या म्हैसूरला. विद्या त्यांच्याबरोबर गेली. 1855 साली दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले, तरी नृत्य थांबले नाही. 1880 साली तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्यास आल्या, तेव्हा तिकडचे नर्तकी-वादकही आले आणि पुढे ‘तंजोरकर’ हे आडनाव लावून गुजरातेत स्थायिक झाले. ज्या नृत्याच्या पाठ्यात तेलुगू, तमिळ, संस्कृत, मराठी, कन्नड अशा इतक्या भाषा सुखाने नांदतात, त्याला परमुलूख असा उरतच नाही.

खरा घाव राज्य गेल्याने बसला नाही. तो प्रतिष्ठा गेल्याने बसला. 1892-93 च्या सुमारास मद्रासेत नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. 1947 साली देवदासी अर्पण करण्याची प्रथा मद्रास प्रांतात कायद्याने बंद झाली. या कायद्यामागे ज्यांची हयात खर्ची पडली त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या मातोश्री त्याच समाजातल्या होत्या. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. मुली देवाला वाहणे बंद झाले, हे योग्यच झाले. परंतु त्या मुलींबरोबर त्यांची विद्याही अपवित्र ठरली, आणि मग तीच विद्या दुसऱ्या घरांत गेल्यावर पवित्र झाली, हा हिशेब आम्हाला जुळत नाही. आपल्याकडे गोमंतकातल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी गाणे स्वतःच मैफलीत आणले आणि मानाने बसवले. मद्रासेतील नर्तकींपैकी फारच थोड्यांना असे करता आले.

रुक्मिणीदेवींनी 1935 साली थिऑसॉफिकल सोसायटीत नृत्य केले आणि 1936 साली कलाक्षेत्र स्थापिले. त्यांच्यामुळे या नृत्याला शिस्त आली, वेषभूषेची आणि प्रकाशाची जाण आली, शेकडो शिकवणारे तयार झाले. हे ऋण मोठे आहे. शृंगारपदांतील काही भाग मात्र त्यांना अडचणीचा वाटला व त्यांनी भक्तीवर भर दिला. बालासरस्वतींचे मत नेमके उलट होते : शृंगार धुऊन भक्ती निघत नाही, तो स्वतःच भक्तीची वाट आहे. या वादात आम्ही बालासरस्वतींच्या बाजूचे आहोत. तत्त्वासाठी नव्हे, पडद्यावर जे दिसते त्यासाठी.

वीणा धनम्माळ यांची ही नात. आई जयम्मा मुलीच्या नृत्याला स्वतः गात. गुरू कंदप्पा पिळ्ळै हे तंजावरच्या त्या चार भावांच्याच घराण्यातले. 1925 साली कांचीपुरमच्या देवळात सातव्या वर्षी अरंगेट्रम झाले, 1941 साली गुरू गेले, निमंत्रणे आटली, काही काळ नृत्य जवळजवळ थांबले. 1955 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे परदेशांतही कीर्ती झाली. या घरात जे कधी मेलेच नव्हते त्याचे पुनरुज्जीवन कोणी केले?

‘बाला’ सुमारे अर्ध्या तासाचा आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध भाग समुद्रकिनाऱ्यावरचा : व्यासरायांचे कन्नड पद, बाळकृष्णाला लवकर ये म्हणून बोलावणारे. बाई त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांच्या. शरीर जड झालेले, प्रकृती बिघडलेली. पण बोलावणारा हात पाहावा! एकच ओळ फिरून येते आणि दर खेपेस आई निराळी : एकदा लाडावणारी, एकदा दटावणारी, एकदा आपल्यापुढे कोण उभा आहे हे एकाएकी ओळखून थबकलेली. शब्द कळला नाही तरी चालते. याच हातांनी प्रियकरालाही बोलावले आहे, हे विसरता येत नाही, आणि वात्सल्याला जो कढ येतो तो तिथूनच येतो. नुसत्या भक्तीवर शिकलेला हात इतका ओला होत नाही.

स्थळाची निवड मात्र आम्हाला पटली नाही. वारा पदर ओढतो आणि आपले लक्ष त्या पदराकडे जाते. मागे एवढा समुद्र, की बोटांची बारीक हालचाल त्यापुढे विनाकारण लहान वाटते. हे नृत्य चार हातांवर बसलेल्या जाणत्यांसाठी घडले होते. राय यांच्यासारख्या, खोलीतल्या शांततेचा मर्म जाणणाऱ्या दिग्दर्शकाने ते दिवाणखान्यात, गाणाऱ्या जयम्मांच्या शेजारी टिपावयास हवे होते. पण चित्रण होईतो जयम्मांना जाऊन नऊ वर्षे लोटली होती.