स्पर्श ओळखणारा फळा

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत ‘स्मार्ट बोर्ड’चे उद्घाटन झाले. मी कळंबचा, महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणून मलाही बोलावणे होते. नारळ फुटला, हार झाले, भिंतीएवढ्या पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडला. विक्रेत्याचा माणूस हातातले पेन पडद्याला टेकवी, त्या जागी रेघ उमटे. टाळ्या झाल्या. मग एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी पुढे आली आणि तिने पेनसाठी हात केला. पेन महागाचे आहे, मुलांच्या हाती नको, असे म्हणून एका शिक्षकांनी तिला जागेवर बसवले. त्यांच्या मनात जात होती असे मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही. पण तो हात मागे गेला, आणि या फळ्याचा विचार मला तेथूनच करणे भाग पडले.

फळा ही वस्तू आपल्यासाठी कधीच साधी नव्हती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे ठेवलेले आपले डबे सवर्ण मुलांनी धावत जाऊन बाजूला ओढले, आणि मगच त्यांना फळ्यापर्यंत जाता आले. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. शाळेत बसायला वेगळे गोणपाट आणि शिपाई नसला तर पाणी नाही, हे तर बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तेव्हा स्पर्श ओळखण्याची विद्या या देशाला नवी नाही. नवे आहे ते यंत्र.

यंत्र समजून घेतले पाहिजे, कारण त्याच्याविषयी आदर आणि भीती दोन्ही अज्ञानातून येतात. काही पडद्यांच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे जाळे असते. बोट मध्ये आले की आडवा आणि उभा किरण अडतो, जागा कळते. काहींत पेनच अवरक्त उजेड टाकते आणि कॅमेरा तो टिपतो. त्या शाळेतला फळा या दुसऱ्या प्रकारचा. आरंभी पडद्यावरचे ठरावीक ठिपके पेनाने टेकवून यंत्राला जागा शिकवावी लागते. नंतर प्रोजेक्टर जरा हलला की पेन एकीकडे आणि रेघ वीतभर दुसरीकडे. कॅनडाच्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज कंपनीने १९९१ साली आपला पहिला असा फळा आणला. २००७ साली जॉनी ली या अमेरिकेतील संशोधक विद्यार्थ्याने ‘वी’ या खेळयंत्राचा रिमोट कॅमेरा म्हणून वापरला, पेनात अवरक्त दिवा बसवला आणि थोड्या खर्चात तेच करून दाखवले. त्यासाठीचे सॉफ्टवेअरही फुकट वाटले. म्हणजे महागपणा यंत्राच्या अंगचा नव्हे.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, किरणाला जात कळत नाही, म्हणून यंत्र आपल्या बाजूचे. पहिले अर्धे खरे आहे. पण पेन हाती देणारा किरण नसतो, माणूस असतो. तिसरीत असताना फळा पुसायचे काम माझ्याकडे होते. मधल्या सुटीत उरलेल्या खडूने मी त्यावर बापाचे नाव लिहायचो. बापाला ते स्वतः लिहिता येत नव्हते. त्यासाठी कोणाला विचारावे लागले नाही. या फळ्याला पासवर्ड आहे, पेनाला कपाट आहे, कपाटाला किल्ली आहे. शिवाय धडे आतच भरून येतात. मी पाहिलेल्या एका धड्यात ‘आमचे गाव’ होते: देऊळ, पार, विहीर, बैलपोळा. वस्ती कोठेच नव्हती.

म्हणून खडू-फळाच बरा, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. त्यांची मुले बारामती-पुण्याच्या शाळांत स्क्रीनवर शिकतात. साधेपणाचा उपदेश आपल्या मुलांना. ‘खडू-फळा मोहीम’ १९८७ साली निघाली, म्हणजे शाळांना फळा पुरवण्याची योजना आखायला स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षे लागली, हे ते विसरतात. ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल शाळा उभी करून दाखवली. ते काम मोठे आहे. पुढे राज्यभर अनेक शाळांनी लोकवर्गणीतून तो मार्ग धरला. पण लोकवर्गणी गावाची असते, आणि गावात ज्याची वर्गणी मोठी त्याचा शब्द मोठा. सरकारने जे हक्क म्हणून द्यायचे ते असे देणगीदाराच्या नावाच्या पाटीखाली येते.

हंगाम संपला, कोप्या मोडल्या, त्या मुलीचे बिऱ्हाड बीडकडे परत गेले. मी मुख्याध्यापकांना विचारले, सर, हंगामात किती मुलांनी ते पेन धरले? ते काही बोलले नाहीत, पण किल्ली काढून त्यांनी कपाट उघडले. फळ्याबरोबर दोन पेने आली होती. दुसरे अजून वेष्टनातच होते.