‘मिस ज्युली’तील तिसरे पात्र

ऑगस्ट स्ट्रिंडबर्गच्या ‘मिस ज्युली’ (१८८८) या नाटकाविषयीचे विवेचन बहुधा दोनच पात्रांभोवती फिरते : उमरावाची कन्या ज्युली आणि वाड्यातील नोकर जाँ. या वाचनाची दिशा खुद्द नाटककारानेच प्रस्तावनेत आखून दिली आहे. ज्युली ही अस्तंगत होणाऱ्या वर्गाची, पुरुषाशी बरोबरी करू पाहणारी अर्धीमुर्धी स्त्री; जाँ हा वर चढणारा नवा माणूस. डार्विनच्या परिभाषेतले हे समीकरण आकर्षक खरे. परंतु नाट्यसंहितेत ते टिकत नाही. रात्री ज्युलीवर अधिकार गाजवणारा जाँ सकाळी घंटा वाजताच पुन्हा नोकर होतो. त्याचे पौरुष स्त्रीपुढे चालते, धन्यापुढे नाही. उमराव रंगमंचावर एकदाही येत नाही; त्याचे बूट आणि ती घंटा एवढे पुरेसे असते.

तथापि ही सत्ता केवळ वरून चालत नाही. स्वयंपाकीण क्रिस्तीन हिला स्ट्रिंडबर्गने प्रस्तावनेत गौण ठरवले. (‘मोलकरणीचा मुलगा’ असे आत्मचरित्राचे नाव ठेवणाऱ्या लेखकाने हे करावे, हे लक्षणीय आहे.) समीक्षेनेही तेच प्रमाण मानले. वस्तुतः फास आवळते ती क्रिस्तीनच. जाँचा संबंध दुसऱ्या एखाद्या मोलकरणीशी असता तर ती मत्सराने पेटली असती. येथे तिला झोंबते ते मालकिणीचे खाली उतरणे. धनी आपल्याहून श्रेष्ठ नसतील तर आपण वर जाण्याची धडपड कशासाठी करायची, हा तिचा प्रश्न जाँच्या साऱ्या बंडखोर भाषणांपेक्षा अधिक खोल जातो. चर्चला निघताना घोडे कोणाला देऊ नयेत असे तबेल्यात सांगण्याचे ती ठरवते, आणि पळून जाण्याची वाट बंद होते. उच्चवर्गीय स्त्रीच्या शीलाचा दंडक येथे राखते ती चुलीपुढे राबणारी स्त्री.

हीच यंत्रणा ॲन शार्लोट लेफ्लरच्या ‘खऱ्या स्त्रिया’ (१८८३) मध्ये मध्यमवर्गीय घरात दिसते. विवाहितेला स्वतःच्या कमाईवर अधिकार देणारा कायदा स्वीडनमध्ये १८७४ साली झाला होता. स्वतः कमावणारी बेर्टा आईचा पैसा उधळ्या बापापासून वाचवू पाहते. तो त्याच्या हवाली करते ती आईच. कायदा बदलला तरी पतिपरायणतेचे मूल्य बदललेले नव्हते. लेफ्लर या आईला करुणेने पाहते, म्हणून तिची शरणागती आपल्याला समजते. स्ट्रिंडबर्ग क्रिस्तीनकडे तुच्छतेने पाहतो, तरीही ती त्याच्या प्रस्तावनेला पुरून उरते.

१८८० च्या दशकात स्वीडिश रंगभूमीवर लेफ्लर आणि आल्फहिल्ड आग्रेल यांची नाटके गाजत होती. ‘मिस ज्युली’चा पहिला प्रयोग १८८९ मध्ये कोपनहेगनला झाला, स्वीडनमध्ये त्यासाठी १९०६ उजाडले. पुढे जागतिक रंगभूमीने स्ट्रिंडबर्गला स्वीकारले, ते त्याच्या प्रस्तावनेसकट. लेफ्लरच्या आईशेजारी क्रिस्तीनला उभे करून पाहण्याचे काम त्यामुळेच मागे पडले.