पूर्त धर्म आणि सरकारी बक्षीस

पत्रिकेत आजचा विषय 'धर्म आणि शासनावलंबन' असा छापलाय. शब्द जड आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, 'सरकार झोपलंय का?' हे जे आपल्या तोंडी कायम असतं, त्याकडे धर्माच्या बाजूनं बघायचं आहे.

आपल्या धर्मशास्त्रात 'इष्टापूर्त' असा जोडशब्द आहे. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहीर-तलाव खणणं, झाडं लावणं, अन्नदान करणं, वाटसरूला निवारा देणं. यज्ञाचा अधिकार ज्यांना नाकारला, त्या स्त्री-शूद्रांनाही पूर्ताचा अधिकार होता. म्हणजे ज्याला आज आपण 'सार्वजनिक बांधकाम' म्हणतो, ती एके काळी उपासना होती. अहिल्याबाई होळकर तर स्वतः राज्यकर्त्या. पण देशभरचे घाट आणि धर्मशाळा त्यांनी मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून बांधल्या. दौलतीचा पैसा वेगळा, पुण्याचा पैसा वेगळा, हा भेद त्यांनी पाळला.

आता गाडगेबाबा घ्या. अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की कुणाला काही न विचारता झाडायला सुरुवात. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची! पाया पडू द्यायचे नाहीत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांनी सरकारला शिव्या दिल्या नाहीत आणि सरकारची वाटही बघितली नाही. घाण समोर आहे, खराटा हातात आहे, मग अर्ज कुणाला करायचा?

1956 साली बाबा गेले. 2000-01 मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याच नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. अभियान वाईट होतं असं मी म्हणणार नाही, कितीतरी गावांचा चेहरा त्यानं बदलला. पण ती स्पर्धा होती. तालुक्याचं बक्षीस, जिल्ह्याचं बक्षीस, राज्याचं बक्षीस. समिती यायच्या आदल्या दिवशी गाव कसं लखलखतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. समिती गेली की आठवड्यानं जा आणि बघा. बाबांचा खराटा घेतला, कीर्तन मात्र राहिलं. सरकार पैसा देऊ शकतं, गटार बांधू शकतं. लाज वाटायला लावणं त्याला जमत नाही, ते काम धर्माचं.

आता तुम्ही म्हणाल, धर्माच्या हाती सोपवलं तेव्हा काय झालं? रास्त आहे. पूर्त धर्माचं एवढं कौतुक करणाऱ्या समाजानं पाणवठ्यावर जात बसवली होती. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव झाला. तरी 1927 साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. शेवटी 1937 साली हायकोर्टाचा निकाल यावा लागला. तेव्हा 'जुना समाज किती स्वावलंबी होता' असं गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जिथं हक्काचा प्रश्न आहे, तिथं कायदा हवा, पोलीस हवा, सरकार हवंच. गाडगेबाबांनाही हे दिसत होतं. म्हणून पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनी अस्पृश्यांसाठी उभी केली आणि पुढं ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

पण जिथं कुणाचा हक्क आड येत नाही, तिथलं काय? माझं गाऱ्हाणं धार्मिक माणसांशी आहे, नास्तिकांशी नाही. सप्त्याची वर्गणी चार दिवसांत गोळा होते. मांडव, स्पीकर, पंगती, सगळं अगदी झोकात. त्याच गावातल्या शाळेत मुलींच्या मुतारीला दार नाही, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीकडे तीन वर्षं अर्ज पडलेला असतो. दार बसवणं हा धर्म नव्हे आणि मांडव घालणं हा धर्म, हे कुठल्या संतानं सांगितलं?

दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलात उपचाराला आलेली बाहेरगावची माणसं आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. कधी मुंबईला गेलात तर बघून या. आणि तुमच्या गावच्या सप्ता कमिटीची बैठक कधी आहे, तेही विचारून ठेवा. आता प्रश्न घेऊया.