निवेदकाचे मत आणि प्रसारकाची निःपक्षता : एक चिकित्सा

प्रस्तावना

सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्या व्यक्तीने समाजमाध्यमांवर स्वतःचे राजकीय मत मांडावे काय, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये २०२३ साली मोठे वादळ उठले. आपल्याकडे या प्रश्नाची जाहीर चर्चा फारशी होत नाही. आकाशवाणी-दूरदर्शनचा माणूस म्हणजे सरकारी माणूस आणि सरकारी माणसाने गप्प बसावे, असे उत्तर आपण प्रश्न विचारण्याआधीच देऊन ठेवले आहे. प्रस्तुत लेखात या तयार उत्तराची चिकित्सा करावयाची आहे. निवेदकाने संयम पाळावा, याविषयी दुमत नाही. परंतु तो संयम कोणासाठी, हा खरा मुद्दा आहे. श्रोत्याचा विश्वास टिकावा म्हणून पाळलेले मौन ही निःपक्षता होय. सत्तेला त्रास होऊ नये म्हणून पाळलेले मौन ही निष्ठा होय. आपल्या नियमांनी आणि सवयींनी या दोहोंची गल्लत केली आहे.

कायद्याच्या दोन भाषा

ही गल्लत कोठे झाली, हे पाहण्यासाठी दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावे लागतात. पहिला प्रसार भारती अधिनियम, १९९० हा होय. तो प्रत्यक्ष अमलात येण्यास १९९७ साल उजाडावे लागले, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये महामंडळाची उद्दिष्टे सांगितली आहेत. सार्वजनिक हिताच्या सर्व विषयांवर मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकाच्या हक्काचे रक्षण करणे आणि परस्परविरोधी मतांसह माहितीचा समतोल प्रवाह ठेवणे, हे त्यांपैकी एक. हे करताना महामंडळाने स्वतःचे कोणतेही मत वा विचारप्रणाली पुरस्कारू नये, असेही तेथे म्हटले आहे. येथे हक्क नागरिकाचा आहे आणि बंधन संस्थेवर आहे.

दुसरा मजकूर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ हा. प्रसार भारती ही स्वायत्त संस्था असली, तरी ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले तिचे कर्मचारी कायद्याने केंद्र शासनाचे कर्मचारी म्हणूनच प्रतिनियुक्तीवर मानले गेले आहेत. त्यामुळे हे नियम त्यांना लागू होतात. नियम ५ अन्वये राजकीय पक्षाशी संबंध ठेवण्यास मनाई आहे. ती सर्व पक्षांबाबत सारखी असल्याने तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. नियम ९ मात्र वेगळ्या जातीचा आहे. केंद्र वा राज्य शासनाच्या चालू किंवा नजीकच्या काळातील धोरणावर अथवा कृतीवर 'प्रतिकूल टीका' ठरेल असे विधान कर्मचाऱ्याने करू नये, असे तो सांगतो. अनुकूल मताविषयी या नियमात अवाक्षर नाही.

म्हणजे एखाद्या उद्घोषकाने फेसबुकवर रोज सकाळी शासनाच्या योजनांचे गुणगान केले, तर नियम ९ त्याच्या वाटेला जात नाही. त्याच उद्घोषकाने एकदा 'ही योजना फसली' असे लिहिले की तो नियमभंग ठरतो. हा नियम निःपक्षतेचा असता, तर स्तुतीलाही त्याने तितकेच अडवले असते. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी समाजमाध्यमांच्या वापराविषयी जो शासन निर्णय काढला, त्याचा कलही हाच आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत ही त्यातील सूचना रास्त आहे. पण बंदीचा रोख पुन्हा धोरणांवरील प्रतिकूल टीकेकडेच आहे.

शासकीय नोकरीत शिरल्याने मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६२ सालीच स्पष्ट केले होते. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका शासकीय कर्मचाऱ्याच्या फेसबुकवरील मजकुराच्या संदर्भात हेच तत्त्व पुन्हा मांडले. कर्मचाऱ्यास स्वतःची मते बाळगण्याचा आणि वर्तणूक नियमांच्या मर्यादेत ती व्यक्त करण्याचा हक्क आहे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. अडचण त्या मर्यादेत आहे. मर्यादाच एकांगी असेल, तर तिच्या आत राहून मिळणारे स्वातंत्र्यही एकांगी असते.

मराठी परंपरेतील तीन उदाहरणे

समाजमाध्यमे नवी असली, तरी खुर्ची आणि माणूस यांच्यातील ताण नवा नाही. मराठी साहित्याच्या अभ्यासकास या संदर्भात बा. सी. मर्ढेकर प्रथम आठवतात. मर्ढेकर १९३८ पासून आकाशवाणीच्या सेवेत होते. 'कर्ण', 'औक्षण' यांसारख्या संगीतिका त्यांनी लिहिल्या. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९५२ साली ते त्यातून निर्दोष सुटले. आरोप राजकीय मताचा नव्हता, हे मान्य. तरीही हे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. शासनाच्या एका खात्यात काम करणारा अधिकारी स्वतःच्या नावाने जे प्रसिद्ध करतो, त्याबद्दल शासनाचीच दुसरी यंत्रणा त्याला न्यायालयात उभे करते. त्या कवितांतील युद्धोत्तर महानगराचे उद्ध्वस्त चित्र कोणत्याही सत्तेला सुखावणारे नव्हते. मात्र 'काही कविता' हे आकाशवाणीचे मत आहे, असे मराठी वाचकाने कधी मानले नाही. नोकरी आणि लेखणी यांतील भेद वाचकाला कळत होता. आजचा श्रोता त्याहून अडाणी आहे असे समजण्याचे कारण काय?

दुसरे उदाहरण पु. ल. देशपांडे यांचे. पु. ल. आकाशवाणीत आणि नंतर दिल्लीच्या दूरदर्शनमध्ये नोकरीस होते. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी जनता पक्षासाठी जाहीर सभा घेतल्या, तेव्हा ती नोकरी सोडून बरीच वर्षे लोटली होती. १९९६ साली महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना त्यांनी तो देणाऱ्या शासनकर्त्यांनाच खडे बोल सुनावले, हेही सर्वश्रुत आहे. नोकरीत संयम आणि नोकरीबाहेर निर्भीडपणा, असा आदर्श या उदाहरणावरून काढण्याचा मोह होतो. तो पूर्णपणे पटत नाही. पु. लं.ना खुर्ची सोडणे परवडले, कारण त्यांच्याजवळ रंगभूमी होती, पुस्तके होती, अमाप वाचकवर्ग होता. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने जिल्ह्याच्या केंद्रावर जाणाऱ्या उद्घोषकाला 'आधी खुर्ची सोड, मग बोल' असे सांगणे म्हणजे त्याला बोलूच नकोस असे सांगणे होय.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधक आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. अनंत भावे हे मुंबई दूरदर्शनवरील मराठी बातम्यांचे परिचित वृत्तनिवेदक आणि बालसाहित्यिक. त्यांच्या पत्नी पुष्पा भावे या रुईया महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापिका आणि समाजवादी चळवळीतील झुंजार कार्यकर्त्या. आणीबाणीत भूमिगत असलेल्या मृणाल गोरे यांना त्यांनी साहाय्य केले. १९९६ मधील रमेश किणी मृत्यू प्रकरणात सत्ताधाऱ्यांचा रोष पत्करून त्या किणी कुटुंबाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. या घराचे राजकारण लपलेले नव्हते. तरी पडद्यावर बातम्या वाचणारा माणूस बातम्याच वाचत होता आणि प्रेक्षकांनी त्याला त्याच्या वाचनावरून, उच्चारांवरून पारखले. निवेदकाला मते असू नयेत, किंवा ती कोणाला ठाऊक असू नयेत, ही निःपक्षतेची अट नव्हेच. मत ठाऊक असूनही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता यावा, ही ती अट आहे.

लिनेकर प्रकरण

आता इंग्लंडमधील प्रकरणाकडे वळता येईल. बी.बी.सी.वरील फुटबॉलच्या कार्यक्रमाचे निवेदक गॅरी लिनेकर यांनी ७ मार्च २०२३ रोजी ट्विटरवर ब्रिटिश सरकारच्या स्थलांतरितांविषयीच्या धोरणावर टीका केली आणि त्या धोरणाच्या समर्थनार्थ वापरलेल्या भाषेची तुलना १९३० च्या दशकातील जर्मनीशी केली. १० मार्चला त्यांना कार्यक्रमापासून दूर राहण्यास सांगण्यात आले. सहकारी निवेदक आणि समालोचकांनीही अंग काढून घेतले. दुसऱ्या दिवशी तो कार्यक्रम निवेदन आणि समालोचन यांवाचून, जेमतेम वीस मिनिटांचा दाखवावा लागला. १३ मार्चला संस्थेने माघार घेतली. याच काळात बी.बी.सी.चे अध्यक्ष रिचर्ड शार्प हे माजी पंतप्रधानांच्या कर्जव्यवहाराशी असलेल्या संबंधावरून चौकशीच्या फेऱ्यात होते आणि पुढच्याच महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. ज्या संस्थेच्या शिखरावरची निःपक्षता संशयास्पद आहे, तिने खेळाच्या निवेदकाकडून ती वसूल करावी, ही विसंगती तेथील जनतेच्या लक्षात आली.

लिनेकर यांची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे नाही. जर्मनीशी केलेली तुलना भडक होती. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका आक्षेपार्ह मजकुरावरून, त्याबद्दल क्षमा मागूनही, त्यांना बी.बी.सी. सोडावी लागली. परंतु या वादातून सप्टेंबर २०२३ मध्ये जी लेखी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, ती आपल्या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. वृत्तविभागातील लोकांवर सर्वांत कडक बंधन. प्रमुख कार्यक्रमांच्या निवेदकांना सार्वजनिक प्रश्नांवर मत मांडण्याची मुभा. पण पक्षाचा पुरस्कार वा पक्षावर हल्ला नको, आणि राजकारण्यांवर व्यक्तिगत टीका नको. इतरांवर याहून सैल बंधन. कामाच्या स्वरूपानुसार बंधन कमीअधिक व्हावे, हा विचार आपल्या वर्तणूक नियमांत दिसत नाही. तेथे वृत्तनिवेदक, भावगीतांचा कार्यक्रम सादर करणारी निवेदिका आणि कार्यालयातील लिपिक हे सर्व एकाच मापाने मोजले जातात.

कांद्याचा भाव आणि राजकीय मत

'राजकीय मत' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्या परिसरात फार लवकर जमिनीवर येतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. देवळा तालुक्यातील उमराणे बाजारात या निर्णयांचे पडसाद कसे उमटले, हे येथील वाचकांस सांगावयास नको. आता समजा, शेतीविषयक कार्यक्रम सादर करणारा एक उद्घोषक स्वतः कांदा उत्पादकाच्या घरातला आहे. त्याने त्या काळात स्वतःच्या खात्यावर 'निर्यातबंदीने शेतकरी मेला' एवढेच लिहिले. नियम ९ च्या भाषेत ही शासनाच्या चालू धोरणावरील प्रतिकूल टीका आहे. श्रोत्याच्या भाषेत तो बाजारभाव आहे.

हे उदाहरण वाटते तितके सोपे नाही, हेही मान्य करावे लागेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघात कांदा हाच प्रचाराचा मोठा विषय झाला आणि विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री तेथे पराभूत झाल्या. तेव्हा आचारसंहितेच्या काळात लिहिलेले तेच वाक्य, लिहिणाऱ्याची इच्छा असो वा नसो, एका उमेदवाराच्या पारड्यात पडते. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत सर्वच निवेदकांनी अशा विषयावर मौन पाळावे, ही अपेक्षा योग्य ठरेल. वृत्तनिवेदकाने तर एरवीही ते पाळावे. 'ही माझी वैयक्तिक मते आहेत' अशी ओळ खात्यावर लिहिल्याने फारसे काही साधत नाही. त्याला ऐकणारे हजारो लोक सार्वजनिक खुर्चीनेच मिळवून दिलेले असतात. मात्र डिसेंबरात, निवडणुकीच्या कितीतरी आधी, शेतीच्या उद्घोषकाने पिकाबद्दल तोंड उघडले, तर त्यात श्रोत्याचा कोणता विश्वासभंग होतो? उलट निर्यातबंदीच्या काळात ज्याच्या तोंडून त्याविषयी एक शब्द निघाला नाही, त्याचा कृषिसल्ला ऐकणारा शेतकरी मनात काय म्हणत असेल, याचाही विचार व्हावा.

संस्थेचे स्वतःचे वर्तन

निवेदकाकडून निःपक्षता मागण्याचा नैतिक अधिकार संस्थेच्या स्वतःच्या वर्तनातून येतो. या बाबतीत कोणत्याच पक्षाच्या राजवटीचा इतिहास अभिमानास्पद नाही. आणीबाणीत आकाशवाणी हे सरकारचे मुखपत्र बनले होते. त्याच अनुभवातून वर्गीस समितीने १९७८ साली स्वायत्ततेची शिफारस केली आणि ती पुढील दोन दशके पडून राहिली. आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांना दूरदर्शनच्या पडद्यावर येण्यासाठी वेगवेगळ्या राजवटींत न्यायालयाची पायरी चढावी लागली. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी नागपूर येथील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विजयादशमी मेळाव्यातील सरसंघचालकांचे भाषण दूरदर्शनने थेट प्रक्षेपित केले. ती बातमी होती, असा खुलासा तेव्हा झाला; बातमी आणि संपूर्ण भाषणाचे थेट प्रक्षेपण यांतील फरक माध्यमांच्या विद्यार्थ्यालाही कळतो. संस्थेचे पारडे असे उघडपणे झुकत असताना निवेदकाच्या खासगी खात्यावरील चार ओळींनी तिची निःपक्षता धोक्यात येते, हा युक्तिवाद हास्यास्पद ठरतो.

नैमित्तिक उद्घोषकांची स्थिती

या चर्चेत ज्यांचा उल्लेख सहसा होत नाही, त्यांच्यासाठीच ती सर्वाधिक गरजेची आहे. आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांवर ऐकू येणारे बरेचसे आवाज नैमित्तिक उद्घोषकांचे असतात. त्यांत महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकही असतात. महिन्याला साधारण सहा ड्युट्या, त्यांचे ठरावीक मानधन, आणि पुढच्या महिन्याची हमी नाही. हे लोक शासकीय कर्मचारी नाहीत. तेव्हा वर्तणूक नियम त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि त्या नियमांबरोबर येणारे संरक्षणही त्यांना मिळत नाही. कायम कर्मचाऱ्यावर कारवाई करावयाची तर दोषारोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. नैमित्तिक उद्घोषकाच्या बाबतीत पुढील महिन्याच्या ड्युटी चार्टवर नाव न लावणे पुरेसे असते. कारण सांगावे लागत नाही, कागद तयार होत नाही, आणि म्हणून न्यायालयात आव्हान देण्याजोगे हाती काही उरत नाही. असा माणूस समाजमाध्यमांवर मत मांडत नाही, कारण बंदी नेमकी कोठपर्यंत आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

प्रसार भारतीने या वर्गासाठी मराठीत, एका पानात मावेल असा लेखी मसुदा करारपत्रासोबत द्यावा. त्यात वृत्त आणि वृत्तेतर काम यांत फरक असावा, निवडणूक काळ वेगळा सांगितलेला असावा, आणि पक्षाची स्तुती व पक्षाची निंदा या दोहोंना एकच नियम असावा. समाजमाध्यमावरील मजकुरामुळे कोणाची ड्युटी बंद करावयाची झाल्यास तो मजकूर आणि कारण कार्यक्रम प्रमुखाने लेखी नोंदवावे आणि त्याची प्रत त्या उद्घोषकास द्यावी.