‘माझा प्रवास’ : प्रवासवर्णन म्हणून

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी वाचकास अपरिचित नाही. परंतु हा परिचय बहुधा एकाच वाटेने झालेला असतो. १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी मराठी पुरावा म्हणून इतिहासकार त्याच्याकडे वळतात, झाशीच्या राणीचे चरित्रकार त्यातील चार-दोन प्रसंग उचलतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. अमृतलाल नागर यांनी केलेल्या हिंदी अनुवादाचे नावच पाहावे : ‘आँखों देखा गदर’. त्यात गदर राहिला, प्रवास गळून पडला. प्रवासवर्णन म्हणून या ग्रंथाची योग्यता काय, हा प्रश्न त्यामुळे मागेच पडला आहे. तो विचारण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरी कर्ज, मिळकत तुटपुंजी. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, असे कळल्यावरून १८५७ च्या आरंभी ते चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या सुमारास उठावाची वार्ता कानी आली. तरी ते परतले नाहीत. उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काळपी, चित्रकूट, काशी असा त्यांचा मार्ग. घरी पोहोचले तेव्हा द्रव्य लुटले गेले होते. खांद्यावर गंगेची कावड मात्र होती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा गृहस्थ स्थळे ‘पाहावयास’ निघालेलाच नव्हता. गावात शिरल्यावर त्याच्यापुढे उभे राहतात ते प्रश्न उतरावयाचे कोठे, ओळखीचे कोण, दानधर्म कसा होतो, हे. त्यामुळे त्याच्या वर्णनात गाव माणसांसकट येते. झाशी त्याच्या लेखी प्रथम रणभूमी नाही. ते नांदते शहर आहे. तेथे राजवाड्यातील नित्यक्रम आहे, हळदीकुंकवाचा थाट आहे, संस्थानचा नामांकित ग्रंथसंग्रह आहे. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडते, कत्तल आणि लूट होते, ग्रंथसंग्रहाचा विध्वंस होतो, तेव्हा वाचकास हळहळ वाटावी म्हणून लेखकास वेगळा सूर लावावा लागत नाही. काय होते हे आधी कळले असल्यामुळे काय गेले हेही कळते.

आता ऐतिहासिक स्थळांची आणि आडवाटेच्या गावांची जी वर्णने अलीकडे विपुल लिहिली जातात, त्यांतील बहुसंख्य वर्णने याच्याशी ताडून पाहावीत. किल्ला कोणी बांधला, बुरूज किती, दरवाजा कोणत्या दिशेस, सूर्यास्त कसा दिसला; आणि शेवटी गतवैभवाबद्दल एक उसासा. पायथ्याच्या गावात आज कोण राहते, त्यांचे पोट कशावर चालते, याची वार्ता नसते. उसासा खरा असेलही. पण त्याला आधार नसतो.

याचा अर्थ गरजेपोटी निघालेल्यानेच प्रवास लिहावा, असा नाही. दुर्गा भागवतांचे ‘पैस’ (१९७०) हे पुस्तक तसे मानू देत नाही. नेवाशाच्या खांबापाशी त्या स्वेच्छेनेच गेल्या. परंतु ज्ञानदेवांशी त्यांचे नाते आधीपासून जडलेले होते, म्हणून दगडी खांबापुढे त्यांना सांगण्यासारखे सुचले. स्थळाशी नाते हवे. ते पोटाचे असो वा चिंतनाचे.

गोडसे भटजींच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्यांनी हकीकत लिहिली ती सुमारे पंचवीस वर्षांनंतर, आठवणीवरून. तिच्यातील तपशील इतर साधनांशी ताडल्यावाचून स्वीकारू नये. त्यांची दृष्टी याज्ञिक ब्राह्मणाची आहे. ज्या घरांत त्यांचा प्रवेश होता त्यांपलीकडील लोकांची सुखदुःखे तिच्यात अंधुकच उमटतात.

शिवाय पाठाचा प्रश्न आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आपल्या हाताने संस्कार करून. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून पाठ छापला तो १९६६ मध्ये. घटना तेवढ्या हव्या असणाऱ्यास हा भेद कदाचित खपेल. प्रवासवर्णनाचा विचार करणाऱ्यास खपणार नाही. प्रवाशाची नजर त्याच्या शब्दांत असते आणि येथे ते शब्दच बदलले गेले आहेत. यापुढील विवेचन मूळ पाठावर व्हावे, आणि अभ्यासक्रमांतही तोच नेमावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ग्वाल्हेर, उज्जैन, धार येथील मराठी वाचकास या मतात अधिक स्वारस्य असावे. ही गावे त्याच्या लेखी प्रेक्षणीय स्थळे नाहीत. तेथे त्याच्या पिढ्या नांदल्या आहेत. बाहेरून येणारा लेखक या गावांतील छत्र्या आणि वाडे पाहून जातो. वाड्यात कोण राहत होते, कोणत्या सणास काय होत असे, हे येथल्याच कुणी लिहिले नाही तर लिहिले जाणार नाही. एका कर्जबाजारी भिक्षुकाने हे झाशीपुरते केले, म्हणून ती झाशी आज आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या गावांचे काम पडून आहे.